एकोणीस निरोगी माणसं

उत्तरा कवठेकरला माणसांचं रक्त आवडायचं. माणसं मात्र तिला मुळीच आवडायची नाहीत. रक्त गुमान नळीत येतं, गुमान फ्रीजमध्ये बसतं आणि विचारलं तर खरं सांगतं. माणसाला विचारलं, की तो आधी इकडेतिकडे बघतो, मग बायकोकडे बघतो आणि मग म्हणतो, "तसं काही नाही, जरा पित्त होतं." मिरजेच्या जनुक केंद्रात पंचवीस वर्षं दंडाला पट्टा बांधून शिरा शोधल्यावर तिचं ठाम मत झालं होतं, की या गावात खरं बोलणारा अवयव एकच आहे आणि तो कोपराच्या आतल्या बाजूला असतो.

त्या मंगळवारी किडनीच्या डॉक्टर रुबिना तांबोळी स्वतः दोन जिने चढून तिच्या टेबलापाशी आल्या. डॉक्टर मंडळी सहसा खाली बसून फोन करतात. त्या वर आल्या म्हणजे बातमी वाईट, हे उत्तराला खुर्ची पुढे करतानाच कळलं.

"उत्तराताई, तुमच्या भाचीला औषध लागू पडत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "चार महिने झाले. लघवीतून प्रोटीन जायचं थांबत नाही. अजून दोन-तीन महिने असेच गेले, तर माझ्या हातात डायलिसिसच्या तारखा देण्यापलीकडे काही उरणार नाही."

भाची म्हणजे ओवी, धाकट्या बहिणीची, मृणालची मुलगी. वय वर्षं सोळा. गालांवर लाल चट्टा उठला तेव्हा ती म्हणाली होती, "मावशी, फुलपाखरू आलंय बघ. फुकटचा टॅटू." महिनाभरात त्या फुलपाखराचं नाव कळलं होतं : ल्युपस. जगात उत्तराला आवडणारं एकच माणूस होतं आणि नेमकं तेच यात सापडलं होतं.

ल्युपस म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांनी घरच्याच माणसांना चोर समजून बडवणं. पूर्वी सगळ्या रोग्यांना सरसकट एकच औषध देत. मग जनुकं वाचणं सोपं झालं आणि लक्षात आलं, की एकाच नावाखाली वेगवेगळे आजार नांदत होते. काहींच्या शरीरात धोक्याची घंटा एकदा वाजली की थांबतच नाही. त्यांना घंटा बंद करणारं औषध लागतं. काहींची घंटा ठीक असते, पण मेलेल्या पेशींचा कचरा उचलणारं एन्झाइमच त्यांच्या शरीरात तयार होत नाही. ते बनवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, तिथलं एक अक्षर चुकलेलं असतं, आणि तेही आईकडून आलेल्या आणि बापाकडून आलेल्या, दोन्ही प्रतींत. कचरा साचतो, तो बघून पहारेकरी बिथरतात. अशांना ते एन्झाइमच बाहेरून टोचावं लागतं. वरून बघितलं तर दोन्ही रोगी सारखेच. तेच चट्टे, तेच सुजलेले सांधे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं, तर ते पाण्यासारखं आत जातं आणि पाण्यासारखं बाहेर येतं. दरम्यान किडन्या जातात.

कोण कुठल्या गटातला, हे ठरवायला केंद्रात एक यंत्रणा होती. तिला सगळे चाळणी म्हणत. प्रत्येक माणसाच्या जनुकांत इतरांपेक्षा वेगळी अशी लाखो अक्षरं असतात, त्यातलं गुन्हेगार कुठलं? चाळणीची रीत सोपी होती. त्याच भागातल्या निरोगी माणसांच्या दोन्ही प्रतींत जो बदल सापडतो, तो निरुपद्रवी. तो चाळून टाकायचा आणि उरलेल्यांत चोर शोधायचा. रीत चांगलीच होती. फक्त ती निरोगी माणसं निरोगी असायला हवी होती.

"हे बघा," डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "कचरा उचलणाऱ्या जनुकात ओवीच्या दोन्ही प्रती चुकलेल्या आहेत. मला वाटतं, हाच तिचा आजार. पण चाळणीनं शिक्का मारलाय, निरुपद्रवी. का, तर आपल्याच भागातली एकोणीस निरोगी माणसं अशीच दुहेरी चूक घेऊन ठणठणीत फिरताहेत म्हणे. आणि चाळणीच्या चिठ्ठीशिवाय एन्झाइमचं कुलूप उघडत नाही. सरकारी नियम."

उत्तरानं त्या एकोणीस नमुन्यांचे क्रमांक बघितले आणि तिला हसूच फुटलं. हसणं अर्थातच प्रेमाचं नव्हतं. सगळे क्रमांक एकाच दिवसाचे होते. अठरा वर्षांपूर्वीचा तो दिवस : ज्ञाती हितवर्धक मंडळाचा वधू-वर मेळावा.

तेव्हा केंद्राला निरोगी तरुण रक्त हवं होतं. एकाच छपराखाली शेकडो उपवर मुलंमुली कुठे सापडणार, तर मेळाव्यात. संचालकांना वाटलं, काय नामी युक्ती! शंभर वेळा धुतलेल्या परीक्षानळीवर विश्वास न ठेवणाऱ्या त्या विद्वान माणसानं लग्नाच्या बाजारातल्या 'निरोगी' या शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला. लग्नाळू मुलीची आई पोरीला चष्मा असल्याचंसुद्धा कबूल करत नाही. ती म्हणणार होती होय, की माझ्या मुलीचे सांधे सुजतात?

उत्तराला एक फॉर्म पक्का आठवत होता. त्या रांगेत सव्वीस वर्षांची मृणालही होती, बोटं गाजरांसारखी सुजलेली, पर्समध्ये गोळ्या. आई मागून उत्तराच्या कानाशी लागली होती, "निरोगी लिही गं बाई. बहीण आहेस ना तिची?" उत्तरानं ऐकलं. मृणालचं लग्न जमलं, मंडळातल्याच निरंजनशी. म्हणजे त्या एकोणिसांत एक मृणाल होती. उरलेले अठराजण तशाच अठरा आयांचे असणार, याबद्दल उत्तराला तिळमात्र शंका नव्हती.

"खोटारडे लेकाचे," ती म्हणाली. "डॉक्टर, नोंद बदलायची तर?"

"ज्याची नोंद, त्यानं स्वतः येऊन बदलायची. नावं सीलबंद आहेत, आपण शोधू शकत नाही. एकोणिसांतल्या पाचांनी जरी सांगितलं की आम्ही आजारी होतो, तरी शिक्का उडेल."

फक्त पाच. उत्तराला ते सोपं वाटलं. पहिली तर घरातच होती.

मृणाल सांगलीला विश्रामबागेत राहायची. तिनं ताईचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, आधी उठून स्वयंपाकघराचं दार लावलं, मग बैठकीचं.

"ताई, हळू बोल. निरंजनना माहीत नाहीये."

"अठरा वर्षं संसार केलास आणि नवऱ्याला माहीत नाही?"

"संधिवात आहे एवढं माहितीये. आमच्या सासूबाईंनाही होता, त्यामुळे खपून गेलं." मृणालनं पदराशी चाळा केला. "आणि ओवीचंसुद्धा आम्ही बाहेर अ‍ॅलर्जी म्हणूनच सांगितलंय. मुलीची जात आहे. उद्या तिचं बघायला लागू, तर आईला हाच आजार, मुलीला हाच आजार... कोण करील तिला?"

उत्तरानं बहिणीकडे असं बघितलं, जसा नळीत गुठळी झालेला नमुना बघावा.

"किडनी गेली तरी चालेल, स्थळ जायला नको. असंच ना?"

"असं कुठे म्हणते मी!"

"अगदी असंच म्हणतेयस. शुद्ध मराठीत म्हणतेयस. मृणाल, तिला दोन महिने आहेत. तू तिची आई आहेस की मंडळाची चिटणीस?"

मृणाल रडायला लागली. रडण्याचा उत्तरावर कधीच परिणाम व्हायचा नाही. सुई पाहून रडणारे ती रोज शंभर बघायची. पण मृणाल रडता रडता एक खरं बोलली, "मी एकटीनं सांगून शिक्का उडत असता, तर गेले असते गं. पाच पाहिजेत. माझं घर मोडेल, आणि बाकीचे चार येणारच नाहीत."

"बघू कसे येत नाहीत," उत्तरा म्हणाली आणि चहा न घेता निघाली.

पुढच्या रविवारी यंदाचा मेळावा होता. मंडळाचे अध्यक्ष शशिकांत हुपरीकर यांनी तिला पाच मिनिटं दिली, कारण अठरा वर्षांपूर्वी रक्ताचे नमुने घेतल्याच्या बातमीत त्यांचा फोटो आला होता आणि तो ते अजून विसरले नव्हते. मंगल कार्यालय गच्च भरलेलं. प्रत्येक उपवराच्या छातीवर एक चकचकीत बिल्ला, त्याच्यावर उंची, शिक्षण, पॅकेज अशी अक्षरं सरकत होती आणि शेवटी हिरव्या रंगात 'निरोगी'. इतकी निरोगी माणसं एका ठिकाणी उत्तरानं स्मशानातही बघितली नव्हती.

"आपल्या समाजाचं रक्त," हुपरीकर माईकवर सांगत होते, "पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहिलेलं आहे. म्हणूनच शास्त्रज्ञांना आपल्याकडे यावं लागलं!" टाळ्या पडल्या.

शुद्ध म्हणजे काय, हे उत्तराला ठाऊक होतं. तेच ते पान पिढ्यान्‌पिढ्या झेरॉक्स करत राहायचं. मूळ पानावर पडलेला शाईचा डागसुद्धा इमानेइतबारे उतरत जातो. घरातल्या घरात लग्नं करून यांनी ते एक चुकलेलं अक्षर जपलं होतं आणि वर त्याची मिरवणूक काढत होते.

ती माईकपाशी गेली. समोर दुसऱ्या रांगेत मृणाल निरंजनशेजारी बसली होती, मान खाली घालून. उत्तरानं घंटा आणि कचरा चार वाक्यांत समजावलं. मग ती म्हणाली, "अठरा वर्षांपूर्वी तुमच्यातल्या एकोणीस जणांनी मला खोटं सांगितलं. मुलींची लग्नं व्हावीत म्हणून तुम्ही आजार लपवलात. तुमच्या त्या थापेमुळे आज चाळणी पोरांना चुकीच्या गटात टाकतेय. फक्त पाच जण हवेत. नाव बाहेर येणार नाही. एवढीसुद्धा लाज शिल्लक असेल, तर उद्या केंद्रात या."

हुपरीकरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं वाळलं. कुणी बिल्ल्याशी खेळत होतं, कुणी छताकडे बघत होतं. सगळे मूग गिळून बसले होते आणि उत्तराला मनातून बरंच वाटत होतं, कारण माणसांबद्दलचं तिचं मत दोन वर्षांच्या पोरालाही पटावं इतकं सिद्ध होत होतं.

मग मागच्या बाजूला एक बाई उठली. चाळिशी ओलांडलेली, हातात काठी, बोटं वाकडी झालेली.

"मी अश्लेषा जांभळीकर," ती म्हणाली. "मी त्या रांगेत होते. मला ल्युपस तेव्हाच होता आणि मी तो लपवला नव्हता."

"मग फॉर्मवर..."

"फॉर्मवर काय होतं, मला माहीत नाही. मी दाखवायला म्हणून डॉक्टरांची फाईल घेऊन आले होते. म्हटलं, लग्नासाठी नाही तर नाही, निदान विज्ञानाला तरी खरं सांगावं. तुम्हीच होता टेबलावर. मी फाईल पुढे केली, तुम्ही वरसुद्धा बघितलं नाहीत. सुई टोचलीत, कापूस दिलात आणि म्हणालात, 'पुढचे.'" तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "बाई, मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

आणि ती बसली. आवाजात राग नव्हता.

सोमवारी सकाळी केंद्र उघडताच उत्तरा तळघरातल्या कागदांच्या खोलीत गेली. मेळाव्याचे मूळ फॉर्म तिथे तीन खोक्यांत होते. नावाची पट्टी फाडलेली, खाली फक्त क्रमांक आणि एक प्रश्न : 'आपणांस कोणताही दीर्घ आजार आहे काय?' पुढे दोन चौकोन.

तिनं पहिला गठ्ठा उघडला. 'नाही'च्या चौकोनात बरोबरची खूण. दुसऱ्यावर तीच. दहाव्यावर, शंभराव्यावर, पाचशेव्यावर तीच. खुणेचं शेपूट प्रत्येक फॉर्मवर उलटीकडे, डावीकडे झुकलेलं. केंद्रात डावखुरं माणूस एकच होतं.

मग तिला सगळं आठवलं, आणि खरं सांगायचं तर ते कधी विसरलं गेलंच नव्हतं; नुसतं त्याच्याकडे तिनं बघितलं नव्हतं. मेळाव्याच्या सकाळी कार्यालयाची दारं अजून उघडायची होती. ती टेबलाशी चहा घेत बसली होती आणि रांग भराभर सरकावी म्हणून सहाशे चाळीस कोऱ्या फॉर्मवर तिनं आधीच खुणा करून ठेवल्या होत्या. सगळेच टेक्निशियन तसं करत. लग्नाळू पोरं, त्यांना काय आजार असणार? आणि असला तरी सांगणार थोडेच? एका दिवसात सहाशे चाळीस नमुने! केंद्रानं तिला प्रशस्तिपत्र दिलं होतं. ते तिनं फ्रेम करून घरी दारासमोरच लावलं होतं, येणाऱ्याला दिसावं म्हणून.

अठरा वर्षं ती लोकांच्या खोटेपणावर नाकानं कांदे सोलत होती आणि त्यांना खोटं बोलायची संधीसुद्धा तिनं दिली नव्हती. जाणूनबुजून ठेवलेलं खोटं मोजून एक होतं, मृणालचं. तेही तिनंच ठेवलेलं. आई नुसती बोलली होती. त्या खोलीत जुन्या कागदांच्या वासात बसून उत्तराला स्वतःची जी किळस आली, तशी आजवर कुणाची आली नव्हती. एरवी ती किळस वाटून टाकायला गावभर माणसं होती. आज ती सगळी एकटीलाच घ्यावी लागली.

नियमांच्या पुस्तकात दुसरंही एक कलम होतं. नोंद करणाऱ्यानं लेखी दिलं, की विचारणाच झाली नाही, तर ती नोंद 'निरोगी' न राहता 'माहिती नाही' होते. पाच माणसांची गरजच नव्हती. एक पुरेसं होतं.

तिनं अर्धं पान लिहिलं आणि सही केली. संचालकांनी ते दोनदा वाचलं.

"याच्यानं तुमचं लायसन्स जाईल. पेन्शनही अडकेल."

"जाईलच."

"केंद्राची यात काही चूक नव्हती, असं एक वाक्य वाढवाल का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उत्तराला त्यांची कीव आली. तिनं वाक्य वाढवलं नाही.

मेळाव्याचे सगळे सहाशे चाळीस नमुने निरोगींच्या यादीतून बाहेर पडले आणि चाळणी पुन्हा फिरली. दुपारपर्यंत ओवीचा गट बदलला. तिच्या एकटीचा नव्हे. गेल्या आठ वर्षांतले दोनशे बारा रोगी चुकीच्या गटात निघाले. डॉक्टर तांबोळींनी यादी घेतली आणि फोन करायला बसल्या. त्यातल्या तेवीस जणांना फोन करून उपयोग नव्हता. ती तेवीस नावं उत्तरानं मागून घेतली आणि एकेक करून वाचली. बहुतेकांचं रक्त तिनंच घेतलेलं होतं आणि चेहरा एकाचाही आठवत नव्हता.

हुपरीकरांनी चार दिवसांत पत्रक काढलं. 'एका बेजबाबदार कर्मचारी महिलेमुळे आपल्या निष्कलंक समाजाची बदनामी झाली.' सगळं खापर तिच्यावर फोडून त्यांनी पुढच्या मेळाव्याची तारीखही त्याच पत्रकात दिली होती. त्या माणसाचं तोंड बघणंही तिला नकोसं होतं आणि पत्रकातला 'बेजबाबदार' हा शब्द मात्र खरा होता. हेच तिला सर्वांत झोंबलं.

एन्झाइमचं पहिलं इंजेक्शन शुक्रवारी सकाळी होतं. उत्तरा आता केंद्रात पाहुण्यासारखी, बाकावर बसली होती. एका बाजूला ओवी, दुसऱ्या बाजूला मृणाल आणि निरंजन. समोरच्या बाकावर मंडळातल्या दोन बायका कुणाच्या तरी तपासणीला आलेल्या, त्यांचे कान इकडेच लागलेले.

"सुई मोठी असते का गं मावशी?" ओवीनं विचारलं.

"तुझ्या तोंडापेक्षा लहान."

ओवी हसली. इतक्यात उत्तराच्या जागी आलेल्या बाई पॅड घेऊन आल्या. रांग लांब होती, त्या घाईत होत्या. ओवीचं नाव वाचून त्यांनी मान वर न करता भराभर खुणा करायला सुरुवात केली. 'कुटुंबात इतर कुणास हा आजार?' पेन 'नाही'च्या चौकोनावर टेकलं.

उत्तरानं पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं.

"आधी विचारा," ती म्हणाली.

"अहो, सगळे नाहीच म्हणतात."

"म्हणू देत. तरी विचारा."

बाईंनी वैतागून मान वर केली. "कुटुंबात आणखी कुणाला आहे का हा आजार?"

ओवीनं खांदे उडवले. निरंजन म्हणाला, "नाही, नाही, कुणालाच." उत्तरानं धरलेलं मनगट सोडलं. या प्रश्नाचं उत्तर तिनं एकदा परस्पर देऊन टाकलं होतं. आता ते तिचं नव्हतं. मृणाल समोरच्या दोघींकडे बघत होती. मग तिनं स्वतःच्या सुजलेल्या बोटांकडे बघितलं.

"मला आहे," ती म्हणाली.

"काय? जरा मोठ्यानं बोला, इथे ऐकू येत नाही."

निरंजन वळून बायकोकडे बघायला लागला. समोरच्या दोघी बोलायच्या थांबल्या होत्या.

"मला आहे," मृणाल मोठ्यानं म्हणाली. "लग्नाच्या आधीपासून."

बाईंनी आधीची अर्धवट खूण खोडली आणि शेजारच्या चौकोनात नवी केली.